दहा वर्षांचं ‘ठीक’

कमलेश दारातून आत आला तो दोन्ही हातांवर जिताडा घेऊन, आणि तो पाहताच जीवन सावरून बसला. रायगडात जिताडा कधी एकटा येत नाही. तळ्यात पोसलेला हा मासा एकदा कुणाचा उंबरठा ओलांडून आत गेला की त्याच्या मागोमाग एखादं काम आत शिरतंच. अडलेलं प्रकरण हलतं, रुसलेला व्याही हसतो, मोडलेली सोयरीक जुळते. जीवन तर कमलेशच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याच्याकडे गेली दहा वर्षं दर हंगामाला एक जिताडा येत होता आणि दर वेळी हेमाली म्हणायची, "बघा, माझ्या भावाचं किती प्रेम आहे तुमच्यावर."

आजचा रविवार मात्र प्रेमाचा नव्हता. उद्या सकाळी दहा वाजता यार्डाचे मॅनेजर राहुल साहेब जीवनला केबिनमध्ये बोलावून विचारणार होते, की कमान लागली, आता तुमचं काय करायचं?

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका कंटेनर यार्डात जीवन सतरा वर्षं सर्व्हेअर होता. नाव भारदस्त, काम साधं. गेटवर आलेल्या कंटेनरभोवती एक फेरी मारायची, पोचा कुठे, भोक कुठे, गंज कुठे ते बघायचं, समोरून नि बाजूंनी फोटो काढायचे आणि रिपोर्ट लिहायचा. काही सापडलं तर भरपाई गाडीवाल्याच्या माथी, काही नसेल तर एकच शब्द, ‘ठीक’. तीन महिन्यांपूर्वी त्या गेटवर सोळा कॅमेऱ्यांची लोखंडी कमान उभी राहिली. ट्रेलर तिच्याखालून गेला की ती आपली आपणच ठरवायची: खराब असेल तर लाल दिवा, चांगला असेल तर हिरवा. सहा सर्व्हेअरांपैकी पाच जण घरी गेले. प्रत्येकाच्या निरोपाला समोसे आणि नारळ. सहाव्या वेळी समोशांऐवजी ढोकळा मागवावा का, ही ऑफिसातली चर्चा जीवनने स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

म्हणून बुधाजीकाकांनी सकाळपासून बैठक बसवली होती. बुधाजी हे जीवनचे थोरले चुलते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची मिठागरं बंदरात गेल्याला चाळीस वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक संकटाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. बैठकीचा विषय एकच: जीवनने साहेबाला काय सांगावं?

"सांग त्याला," काका प्लास्टिकच्या खुर्चीतून म्हणाले, "तुज्या मशीनला डोले हायेत, पन नाक नाय."

"नाकाचं काय काम काका? पोच्याला वास नसतो."

"आरं, पन काय तरी जास्तीचं सांगायला नको?"

हेमालीने कागदच काढला होता. "मी लिहिलंय. एक, कधी खाडा नाही. दोन, कुणाशी भांडण नाही. तीन, दारूला शिवत नाहीत."

"मशीन पन नाय शिवत," ठमाबाई म्हणाली. ठमाबाई म्हणजे जीवनची आई. कोपऱ्यात बसून वालाच्या शेंगा सोलत होती आणि मुलाची बाजू घेताना त्याला अधूनमधून गाडत होती.

अमिषा ही जीवनची एकुलती एक मुलगी, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. तिने सरळच विचारलं, "पप्पा, त्या कमानीला जमत नाही असं तुम्ही नेमकं काय करता?"

जीवनने पुष्कळ विचार केला. सतरा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता आणि त्याने स्वतःला विचारायची तर वेळच आली नव्हती. मुलीसमोर काहीतरी भरभक्कम सांगावं असं त्याला फार वाटत होतं.

"मी ड्रायव्हरांशी बोलतो," तो शेवटी म्हणाला.

"काय बोलता?"

"चहा घेतलास का म्हणून विचारतो."

अमिषाने भुवया उंचावल्या. तिची नजर पाहून जीवनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमका त्याच वेळी जिताडा आला.

"पाच किलो!" कमलेशने तो हेमालीच्या हाती सोपवला आणि जीवनच्या शेजारी मांडी ठोकली. "भावोजी, टेन्शन कशाला घेता? जाऊ दे ना ती नोकरी! माझा तिसरा ट्रेलर येतोय दसऱ्याला. सुपरवायझर व्हा. एकदम खुर्ची, फॅन, सगळं. उद्या फक्त साहेबाला नमस्कार करा, नारळ घ्या नि घरी या. जास्त काय बोलूच नका."

"जास्त काय म्हणजे?"

"म्हणजे काहीच."

बुधाजीकाकांना हे आवडलं. हेमालीला तर भावाला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. तिने गुण लिहिलेल्या कागदाची घडी घातली आणि आत जाऊन जिताडा कापायला घेतला. बैठक अर्ध्या मिनिटात कमलेशच्या बाजूने गेली. जीवनला मात्र मेव्हणा इतका गोड कधी दिसला नव्हता, आणि त्याने कमलेशला सत्तावीस वर्षं पाहिलं होतं.

"कमलेश, खरं सांग. यार्डात काय झालंय?"

कमलेशने आढेवेढे घेतले, पण आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. दोन मिनिटांत बांध फुटला.

"भावोजी, ती कमान नाय, देव हाय देव! तीन महिने झाले, माझ्या दोन्ही गाड्यांना एकदा पण लाल दिवा नाय. कसला पण डबा न्या, हिरवा! काल तर फोर्कलिफ्टवाल्यानं कंटेनरच्या बाजूत दात घातला. एवढं भोक, एवढं! आतनं कुत्रा बाहेर बघत होता."

"कंटेनरमध्ये कुत्रा कुठून आला?" अमिषाने विचारलं.

"भोकातूनच आयला ना!"

"आणि कमान?"

"हिरवा दिवा! नि खाली लिहून आलं, कंटेनर ठीक. कुत्रा पन खूश."

ठमाबाईने शेंगा बाजूला ठेवून हात जोडले. "आईची कृपा! तुज्या गारीवर आईचा बोरड हाय ना, म्हनून."

बोर्ड खरंच होता. एकवीरा आईचं नाव आगरी माणसाच्या शंभरातल्या नव्वद गाड्यांवर असतं, पण कमलेशचा बोर्ड वेगळा. रतन पेंटरने दहा वर्षांपूर्वी केबिनच्या कपाळावर जांभळ्या रंगात पिवळी अक्षरं काढली होती आणि दोन बाजूंना दोन वाघ. वाघ काढायचा त्याचा तो पहिलाच प्रसंग, त्यामुळे दोघेही एकमेकांकडे पाहून दचकल्यासारखे दिसत. कमलेशच्या दोन गाड्या सोडल्या तर असा बोर्ड अख्ख्या बंदरात नव्हता.

"नव्हता," कमलेश म्हणाला, "आता हाय. पब्लिकला कळलं ना! रतनकडे लाइन लागलीय. परवापर्यंत अकरा गाड्यांवर तसाच जांभळा बोर्ड, तसेच वाघ. अकराच्या अकरा हिरव्या! म्हसळ्याचा इस्माईलभाय पण नंबर लावून बसलाय. बोलतो, आईला माझा सलाम सांग, पण वाघ तेवढे सेम काढ."

"चमत्कार!" बुधाजीकाका खुर्चीतून अर्धे उठले.

"नवस फेरायला पायजे," ठमाबाई म्हणाली. "कार्ल्याला जायचं. सगल्यांनी."

गाडी कोणती करायची, पुढे कोण बसणार आणि काकांना ओकारी होते तर खिडकी कुणाची, इथपर्यंत चर्चा गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं जीवनचं मात्र झालं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि त्याला नको होतं तेच झालं, अमिषाने त्या पाहिल्या.

"पप्पा, ती कमान शिकली कशावरून?"

"म्हणजे?"

"चांगला कंटेनर कुठला नि खराब कुठला, हे तिला आधी कुणीतरी दाखवावं लागतं. हजारो फोटो आणि प्रत्येकाखाली उत्तर. ते फोटो कुणाचे?"

"आमचेच जुने. कंपनीने सगळे दिले."

"कुणी काढलेले?"

"सगळ्यांनी. पण माझे जास्त. मी सगळ्यात जुना ना. चाळीस हजार माझेच असतील."

हे शेवटचं वाक्य जीवनने जरा अभिमानाने म्हटलं आणि म्हणताक्षणीच त्याला ते गिळून टाकावंसं वाटलं.

"मग मामाच्या गाडीच्या फोटोखाली तुम्ही काय लिहायचात?"

आत सुरी थांबली. कमलेश छताकडे बघायला लागला. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"ठीक," जीवन म्हणाला.

"पोचा असला तर?"

"ठीक."

"भोक?"

"भोक एकदाच होतं."

"काय लिहिलंत?"

"ठीक."

दहा वर्षांपूर्वी कमलेशने पहिला ट्रेलर घेतला आणि आठवडा व्हायच्या आत करळच्या वळणावर कंटेनर भिंतीला घासला. गेटवर येऊन तो लहान पोरासारखा रडला. जीवनने इकडे तिकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘ठीक’. दुसऱ्यांदा लिहिताना हात थोडा अडखळला. तिसऱ्यांदापासून हात आपला आपणच लिहायला लागला. त्यात वाईट काही आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"म्हणजे बघा," अमिषा म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "कमानीने दहा वर्षांचे फोटो पाहिले. जिथे जिथे जांभळा बोर्ड नि ते दोन वाघ, तिथे तिथे खाली ‘ठीक’. पोचा असो, भोक असो. तिने एवढंच पाठ केलं, वाघ दिसले की ठीक म्हणायचं. आजी, ही आईची कृपा नाही गं, ही पप्पांची कृपा!"

आता घरात दोन पक्ष पडले. कमलेश म्हणाला की कारण काहीही असो, देवाच्या नावाने चांगलं चाललंय, मध्ये काडी घालू नये. बुधाजीकाकांनी त्याला दुजोरा दिला, कारण आतून फोडणीचा वास यायला लागला होता आणि त्यांना जेवणाआधी भांडण नको होतं. अमिषा म्हणाली की ते कुणालाच सापडलं नसेल, तर पप्पांनी उद्या तेच सांगावं.

"खराब कंटेनर हिरवे का सुटतात ते शोधायला बंगळूरहून दोन इंजिनिअर आलेत," जीवन हळूच म्हणाला. "तीन आठवडे बसलेत. कधी म्हणतात ऊन, कधी म्हणतात खारी हवा."

"मग झालं तर! सगळ्या यार्डात हे फक्त तुम्हाला माहीत आहे पप्पा."

"अगं, पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी दहा वर्षं खोटं लिहिलं? तो ठेवेल का मला? नारळसुद्धा देणार नाही."

सगळं या एका गोष्टीवर येऊन अडलं होतं. गप्प बसला तर नोकरी नारळासह जाणार, बोलला तर नारळाशिवाय. जीवनला खरोखरच रडू येत होतं.

हेमाली दारात आली. एका हातात सुरी, दुसऱ्यात जिताड्याची शेपटी.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझा भाऊ."

"आणि मी दर वेळी डोकं तुमच्या ताटात वाढलं! प्रेमाचं म्हणून! लोकांना सांगत फिरले! अरे कमलेश, ते प्रेम होतं की हप्ता?"

"ताई, प्रेम पण होतं ना..."

"पण?"

कमलेश उठून उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण आवाज चढला. "बरं! उद्या भावोजी तोंड उघडणार असतील तर माझा जिताडा परत द्या!"

यावर कायदेशीर अडचण अशी होती की डोकं नि मधल्या चार तुकड्या कालवणात पडल्या होत्या आणि एक तुकडी ‘मीठ बघतो’ म्हणून बुधाजीकाकांनी केव्हाच संपवली होती. हेमालीने उरलेला अर्धा मासा पिशवीत घालून भावाच्या हातात दिला. कमलेशने पिशवीत डोकावून पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. जाताना उजव्या पायात काकांची चप्पल गेली, पण ती बदलायला तो परत आला नाही.

हेमाली ओट्यापाशी जाऊन रडली. माहेरचा एवढा एकच माणूस होता तिला. डोळे पुसून बाहेर आली तेव्हा तिने गुणांच्या कागदाची घडी उलगडली आणि सगळ्यात खाली लिहिलं, ‘खरं बोलतात’. मग त्याच्यापुढे कंसात ‘उद्यापासून’.

राहिली ठमाबाई. ती शेंगा सोलून उठली, ट्रंक उघडली आणि पाठीत धपाटा घालावा तशी एक हिरवी कोरी साडी जीवनच्या मांडीवर आपटली.

"साहेब बोलंल, पुरावा दे. तवा तो बोरड झाकावा लागंल. आईचं नाव ताडपत्रीनं झाकशील तर पाय मोडीन. ही नवी हाय, ही घाल."

"आई, पण तू तर चमत्कार म्हणत होतीस."

"चमत्कार असंल तर खरं बोलल्यावर पन राहील," ठमाबाई म्हणाली. "नि नसंल तर आईच्या पदराआड लपून कवर खोटं खाशील?"

सोमवारी दहा वाजता राहुल साहेब केबिनमध्ये नव्हतेच, कमानीखाली होते. एकोणतीस वर्षांचा पुण्याचा तरुण, पण तीन महिन्यांत पस्तिशीचा दिसायला लागला होता. शिपिंग कंपन्यांचे शिव्याशाप रोज त्याच्या फोनवर यायचे. दोन्ही इंजिनिअर मांडीवर लॅपटॉप घेऊन फुटपाथवर बसले होते. रांगेत पहिला नंबर म्हसळ्याच्या इस्माईलभाईचा. त्याचा जांभळा बोर्ड आज सकाळीच पूर्ण झाला होता.

"साहेब, एक शिडी मिळेल का?" जीवन म्हणाला.

शिडी मिळाली. जीवन हातात साडी घेऊन केबिनवर चढला आणि त्याने ती बोर्डवरून नीट पसरली, अगदी देवीला नेसवावी तशी. रंग ओला होता. आईच्या कोऱ्या साडीवर दोन वाघ उमटताना त्याला दिसले आणि आता घरीसुद्धा काही खरं नाही हे त्याच्या लक्षात आलं.

ट्रेलर कमानीखालून गेला. कमान भोंगा वाजवायला लागली; तिला तो येतो हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. लाल दिवा. चौदा पोचे, दोन भोकं, एक दार निखळलेलं.

साडी काढली, ट्रेलर मागे घेऊन परत पुढे आणला. हिरवा. कंटेनर ठीक.

दोन्ही इंजिनिअर उठून उभे राहिले. एकाचा लॅपटॉप खाली पडला आणि त्याने तो उचलला नाही. जीवनने मान खाली घालून वाघांची सगळी गोष्ट सांगितली, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याचं नाव तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाही.

"म्हणजे जुने रिपोर्टच खोटे आहेत!" राहुल साहेब म्हणाले. "जे पाच जण गेले ना, त्यांनीच घाण करून ठेवली असणार. बरं झालं गेले ते. हो ना, जीवन?"

नुसती मान हलवायची होती. एवढंच काम होतं आणि नोकरी पक्की होती. जीवनला ते पाच जण आठवले, समोसे खाताना उगाच हसणारे.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ते मी लिहिलेत. मेव्हण्याची गाडी. दहा वर्षं."

साहेब एक पाऊल पुढे आले. "फक्त मेव्हण्याची?"

आता एकदा उघडलंच होतं तोंड. जीवनने रांगेवरून नजर फिरवली. "तो हिरव्या केबिनवाला, त्याची आई दर उन्हाळ्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ पाठवते. मागे मोर काढलेला, तो शाळेत माझ्या बाकावर होता. तो फुलांच्या तोरणाचा, त्याच्या बहिणीच्या लग्नात मी..."

रांगेत एक विचित्र हालचाल सुरू झाली. हिरव्या केबिनने रिव्हर्स घातला. मोराने पाठ फिरवली. पाच मिनिटांत गेटसमोरचा रस्ता बंदर झाल्यापासून कधी झाला नव्हता इतका मोकळा झाला.

"तुम्हाला तर आत्ताच्या आत्ता काढायला पाहिजे!" साहेब ओरडले.

तेव्हा लॅपटॉप पडलेला इंजिनिअर घाईने त्यांच्या कानाशी लागला. कुजबुजला तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "सर, नका काढू. चाळीस हजार फोटो आहेत. त्यातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं, ते फक्त यांनाच माहीत आहे."

साहेबांनी डोळे मिटले, नाकाने दोन लांब श्वास घेतले आणि एक खुर्ची मागवली. तिला पंखाही लावून दिला. समोर स्क्रीन. पहिला फोटो दहा वर्षांपूर्वीचा, निळा कंटेनर, शेजारी मिशीवाला ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरने तेव्हा चहा घेतला नव्हता, त्याच्या मुलीला ताप होता, हे जीवनला लख्ख आठवलं. आणि डाव्या कोपऱ्यात वीतभर पोचा होता, हेही. त्याने ‘ठीक’ खोडलं.

दुपारी डबा उघडायच्या आधी त्याने घरी फोन लावला. पहिल्या रिंगलाच हेमालीने उचलला. मागून ठमाबाईचा आवाज आला, "साडीला काय झालं नाय ना इचार!" जीवनने तो ऐकलाच नाही असं केलं.

"कमलेश आलाय," हेमाली म्हणाली. "ओटीवर बसलाय. बोलत नाही, पण चहा घेतला. तुमचं काय झालं?"

"ठेवलं."

"कायमचं?"

"नाही गं. जुनं सगळं आठवून द्यायचंय, कुठे कुठे खोटं लिहिलं ते. आठवून संपलं की संपलं."

मग हेमाली आवाज खाली आणून म्हणाली, "मग सावकाश आठवा."